छोट्या वाफेच्या इंजिनांनाही तेवढेच बारकावे हवेत
मोठ्या एक्स्प्रेस इंजिनांच्या मॉडेलवर बारकाव्यांची रेलचेल असते आणि शंटिंगची, म्हणजे यार्डात डबे हलवणारी, छोटी टँक इंजिने (पाण्याची टाकी इंजिनावरच असलेली) मात्र खेळण्यासारखी सोडून दिली जातात, ही मॉडेल रेल्वेप्रेमींची तक्रार मला पूर्णपणे पटते. माझ्याकडील १:८७ प्रमाणातील (खऱ्याच्या ८७ पट लहान) एका छोट्या इंजिनाचा हातकठडा बॉयलरच्याच साच्यात ओतलेला आहे. खऱ्या इंजिनावरील ३० मिलिमीटर जाडीच्या कठड्यासाठी या प्रमाणात ०.३५ मिलिमीटरची पितळी तार पुरते, आणि तिच्यासाठी नेमकी भोके पाडणारे कसबी हात आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातही सापडतील. लहान बॉयलरमध्ये मोटर आणि चाकांच्या पकडीसाठी लागणारे वजन मावत नसे, ही जुनी अडचण कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेल्या, छोट्या) मोटरींमुळे बरीच कमी झाली आहे.

मला मनापासून हवे आहे ते माथेरानचे ०-६-० टँक इंजिन, म्हणजे फक्त सहा जोडलेली चालक चाके असलेले. १९०७ मध्ये सुरू झालेल्या त्या मार्गावरील तीव्र वळणांसाठी ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने त्याला क्लीन-लिंडनर पद्धतीचे, वळणानुसार दिशा बदलणारे टोकाचे आस दिले होते. तिथला ६१० मिलिमीटरचा गेज (दोन रुळांमधील अंतर) या प्रमाणात सुमारे ७ मिलिमीटर होतो, त्यामुळे नेहमीचे ९ मिलिमीटरचे रूळ थोडे रुंद दिसतील; ती तडजोड मी आनंदाने स्वीकारीन, परंतु ते आस मॉडेलमध्येही खरोखर वळले पाहिजेत.