सल्ला हवा: पॅकहाउसच्या तापमान-स्क्रीनसाठी कोणता इव्हेंट लूप घ्यावा?

पिंपळगावकर

मंडळी, नमस्कार.

अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये कंट्रोल पॅनल बनवतो, सॉफ्टवेअरचं कामही आता माझ्याकडेच आहे. सध्या पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाउससाठी स्क्रीन करतोय. प्रीकूलिंगचे आणि कोल्ड स्टोअरेजचे मिळून चाळीसेक कंट्रोलर आहेत. काही मॉडबस टीसीपीवर (मॉडबस ही कंट्रोलरशी बोलायची पद्धत, इथे नेटवर्कवरून), बाकीचे जुने, आरएस-४८५ च्या एकाच सिरियल वायरवर, तिला नेटवर्कशी जोडणाऱ्या गेटवेमागे. स्क्रीनवर चेंबरनिहाय तापमान, आर्द्रता, आलेख, आणि मर्यादा ओलांडली की भोंगा वाजायला हवा.

पायथन आणि पायसाइड६ (क्यूटी ही खिडक्या बनवायची लायब्ररी पायथनमधून वापरायचा संच) वापरतोय. घरी लिनक्सवर लिहितो, साइटवर विंडोज पीसी आहे. आत्ताची रचना अशी, की दर दोन सेकंदांनी क्यूटाइमर एक फंक्शन बोलावतो आणि ते साधं सॉकेट (नेटवर्क जोडणी) उघडून एकेक कंट्रोलर वाचतं. एखादा कंट्रोलर बंद असला की विंडो पांढरी पडते, 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं, आणि रात्रीचा सुपरवायझर पीसी रिस्टार्ट करतो.

असिंकआयओ (पायथनचा स्वतःचा इव्हेंट लूप) घेऊ, थ्रेड टाकू, क्यूटीचंच नेटवर्क वापरू, की सगळं सी++ मध्ये लिबयूव्ही या इव्हेंट लूपच्या लायब्ररीवर नेऊ? सीझनच्या आत बसवायचंय. ज्यांनी असं काही चालवलंय त्यांनी कृपया सांगा.

---

सातपूर_इन्स्ट्रुमेंट

दादा, आधी लूप बदलायचा विचार बाजूला ठेवा. तुमच्याकडे लूप आहेच, क्यूटीचा. तो घटनेची वाट बघतो, घटना घडली की तिचं फंक्शन बोलावतो, ते संपलं की पुन्हा वाट बघतो. फंक्शन चालू असेपर्यंत माउस नाही, रंगकाम नाही, दुसरा टायमर नाही. तुमचं फंक्शन कनेक्ट होण्याची वाट बघत अडकतं. समोरून उत्तरच आलं नाही तर विंडोज साधारण २१ सेकंदांनी हार मानतं. घरी लिनक्सवर त्याच सबनेटमधला बंद पत्ता तीनेक सेकंदांत 'नो रूट टू होस्ट' म्हणून परत येतो, त्यामुळे तिथे हे इतकं जाणवत नसेल. राउटरपलीकडचा पत्ता गप्प बसला तर लिनक्सही दोन मिनिटांच्या वर थांबतं.

असिंकआयओ आणलं आणि आत हेच अडकणारं सॉकेट ठेवलं, तरी विंडो तशीच पांढरी पडेल.

माझं मत: ज्या प्रोसेसमध्ये खिडकी आहे तिथे मालक लूप खिडकीचाच असू द्या. क्यूटीचं क्यूटीसीपीसॉकेट मुळातच न अडकणारं आहे. कनेक्टटूहोस्ट म्हटलं की ते लगेच परत येतं आणि जोडणी झाली की सिग्नल देतं. फक्त 'वेटफॉर' ने सुरू होणारी फंक्शनं खिडकीच्या थ्रेडमध्ये वापरू नका, ती अडकतात. तुमच्या कामाला त्याहून सोपं म्हणजे क्यूमॉडबसटीसीपीक्लायंट. तो क्यूटीच्या सिरियलबस मॉड्यूलमध्ये येतो, पायसाइड६ मध्येही आहे. मॉडबसची फ्रेम हाताने बांधावी लागत नाही. तोच लूप, तोच थ्रेड, एकही लॉक नाही.

---

गोदाकाठची

वरच्या प्रतिसादातलं निदान अगदी बरोबर आहे. उपाय मात्र मी थोडा वेगळा सुचवेन.

कंट्रोलरशी बोलणं म्हणजे क्रम असतो: जोड, तापमान माग, उत्तर आलं तर आर्द्रता माग, नाही आलं तर थांब आणि पुन्हा प्रयत्न कर. सिग्नल-स्लॉटमध्ये (सिग्नल आला की ठरलेलं फंक्शन चालवायची क्यूटीची पद्धत) हा क्रम आठ-दहा फंक्शनांत विखुरतो. असिंक-अवेटमध्ये तोच सरळ वरून खाली वाचता येतो, आणि टाइमआउटला असिंकआयओचं वेट_फॉर पुरतं (क्यूटीचं अडकणारं 'वेटफॉर' नव्हे). पायथन ३.५ पासून, म्हणजे २०१५ पासून, ही लेखनपद्धत भाषेतच आहे. सहा महिन्यांनी कोड पुन्हा उघडाल तेव्हा हा फरक कळेल.

दोन लूप एका थ्रेडमध्ये शेजारी चालत नाहीत, एकाला दुसऱ्याच्या पोटात जावं लागतं. क्यूअसिंक ही लायब्ररी ते करते: असिंकआयओचा लूप क्यूटीच्या लूपवर बसवते, आणि विंडोजवर आयओसीपीसुद्धा (अनेक जोडण्यांवर एकदम लक्ष ठेवायची विंडोजची सोय) सांभाळते. पायसाइड६ मध्ये क्यूटीअसिंकआयओ नावाचं मॉड्यूलही आहे, पण त्याने असिंकआयओचं नेटवर्कचं अंग उचललेलं नाही, सॉकेट क्यूटीचेच वापरावे लागतात. म्हणून तुमच्या कामाला क्यूअसिंक.

एक खड्डा आधीच सांगून ठेवते. असिंक फंक्शनच्या आतून डायलॉग एक्झेक ने उघडू नका. एक्झेक आत स्वतःचा छोटा लूप चालवतं, त्यात दुसरं टास्क (असिंकआयओतलं दुसरं चालू काम) पुढे सरकायला बघतं आणि 'एक टास्क चालू असताना दुसऱ्यात शिरता येत नाही' अशा अर्थाची रनटाइम एरर येते. डायलॉग ओपन ने उघडा आणि त्याच्या फिनिश्ड सिग्नलची वाट बघा.

---

पंचवटी_सी

लिबयूव्हीबद्दल विचारलंत म्हणून. लायब्ररी उत्तम आहे. नोड.जेएससाठी (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) जन्मली आणि लिनक्सचं ईपोल, मॅक-बीएसडीचं केक्यू आणि विंडोजचं आयओसीपी एका छत्राखाली आणते. पण खिडकीशी तिचं लग्न लावणं जड जातं. इलेक्ट्रॉनवाल्यांना (क्रोमियम ब्राउझर आणि नोड जोडून डेस्कटॉप प्रोग्रॅम बनवायचं साधन) हाच प्रश्न पडला होता: क्रोमियमचा खिडकीवाला लूप आणि नोडचा लिबयूव्ही एकाच मेन थ्रेडवर. त्यांनी वेगळ्या थ्रेडवरून लिबयूव्हीच्या बॅकएंडवर पहारा ठेवला, आणि काही हललं की मेन लूपला जागं करायचं अशी रचना केली. चालतं छान, पण ते सांभाळायला त्यांच्याकडे माणसं आहेत.

आणि वेगाचा प्रश्न तुमच्याकडे नाहीच. ईपोल आणि केक्यू आले ते हजारो कनेक्शन एका मशीनवर पेलण्यासाठी. चाळीस सॉकेटना जुना सिलेक्टसुद्धा पुरतो. विंडोजवर पायथनचा सिलेक्ट ५१२ सॉकेटपर्यंत जातो, तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. सी++ मध्ये नेऊन सीझन हातचा घालवू नका.

---

रात्रपाळी

मी कोल्ड स्टोअरेजच्या बाजूने बोलतो, कारण मला लूपपेक्षा भोंग्याची काळजी आहे.

द्राक्ष काढणीनंतर काही तासांत प्रीकूलिंगमध्ये ४ अंशांखाली यायला हवं, मग शून्याच्या आसपास आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत राहायला हवं. रात्री कॉम्प्रेसर ट्रिप झाला आणि त्याच वेळी कोणी स्क्रीन बंद करून ठेवली असेल, तर भोंगा वाजणार कुठून? खिडकीच्या प्रोसेसमध्ये अलार्म ठेवणं हेच मला पटत नाही. क्यूटीचं नेटवर्क घ्या किंवा क्यूअसिंक, विंडो बंद झाली की दोन्ही जातात.

त्यामुळे दोन प्रोसेस करा. पहिली बिनखिडकीची: कंट्रोलर वाचणं, नोंद ठेवणं, भोंगा वाजवणं. ही विंडोज सर्व्हिस म्हणून पीसीसोबत आपोआप सुरू होईल, कोणी लॉगिन केलं नसलं तरी. व्हिस्टापासून सर्व्हिस वेगळ्या सेशनमध्ये चालतात, तिथून वापरणाऱ्याच्या डेस्कटॉपवर खिडकी दाखवता येत नाही, म्हणजे विंडोजच तुम्हाला ही फाळणी करायला लावतं. या प्रोसेसमध्ये ताईंनी सांगितलेलं असिंकआयओ निखळ वापरा, दोन लूप जोडणारा पूल लागत नाही. पायथन ३.८ पासून विंडोजवर असिंकआयओचा डिफॉल्ट लूप आयओसीपीवरच चालतो.

दुसरी प्रोसेस फक्त स्क्रीन. तिथे निखळ क्यूटी. दोघींमध्ये १२७.०.०.१ वरचं (म्हणजे त्याच पीसीच्या आतलं) एक टीसीपी कनेक्शन आणि ओळीला एक जेसन (साध्या मजकुरातली नोंद). स्क्रीन पडली, पीसीवर कोणी काही बंद केलं, अपडेट टाकायचं झालं, तरी वाचन चालू राहतं. आलेखाचा इतिहास एसक्यूलाइट या एका फाइलमधल्या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवा, वॉल मोड चालू करा, म्हणजे एक लिहीत असताना दुसरीला वाचता येतं.

---

सातपूर_इन्स्ट्रुमेंट

रात्रपाळी यांचा मुद्दा मान्य. अलार्म महत्त्वाचा असेल तर मीही दोन प्रोसेसच म्हणेन. माझा सल्ला ज्याला फक्त बघायची स्क्रीन हवी आहे त्याच्यासाठी तसाच राहू द्या.

---

पिंपळगावकर

मनापासून आभार सगळ्यांचे. भोंग्याचा मुद्दा मालकांनाही लगेच पटला, दोन प्रोसेसच करतो.

एक शंका उरलीय. आरएस-४८५ वरचे २४ कंट्रोलर आहेत, ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट). असिंकआयओमध्ये २४ टास्क एकदम सोडले तर ते पटापट वाचले जातील का? आत्ता एक फेरी फार रेंगाळते.

---

सातपूर_इन्स्ट्रुमेंट

नाही जाणार, दादा. वायर एकच आहे आणि मॉडबस आरटीयूत (सिरियल वायरवरच्या मॉडबसमध्ये) एका वेळी एकच प्रश्न-उत्तर चालतं. कोणताही लूप घेतलात तरी ही मर्यादा वायरची आहे. हिशोब बघा: एक रजिस्टर (कंट्रोलरमधला एक आकडा) वाचायला ८ बाइटचा प्रश्न, ७ बाइटचं उत्तर, बाइटला ११ बिट धरले तर १६५ बिट, म्हणजे ९६०० वर साधारण १७ मिलिसेकंद. त्यात कंट्रोलरचा विचार करण्याचा वेळ आणि फ्रेममधली शांतता मिळवा, तर धडधाकट २४ कंट्रोलर दीड-दोन सेकंदांत सहज वाचून होतील.

तुमची फेरी रेंगाळते ती मेलेल्या कंट्रोलरमुळे. टाइमआउट १ सेकंद आणि तीन पुनर्प्रयत्न असतील, तर एक गप्प कंट्रोलर ४ सेकंद खातो. तसे तीन असले की बाकीच्या एकवीस चेंबरांना प्रत्येक फेरीत १२ सेकंद थांबावं लागतं.

म्हणून गेटवेसाठी एकच टास्क आणि एकच रांग ठेवा. उत्तर न देणाऱ्याला मंद यादीत टाका, मिनिटातून एकदाच विचारा, पुनर्प्रयत्न नाही. त्याने उत्तर दिलं की परत मुख्य रांगेत. टाइमआउट ३०० मिलिसेकंदांवर आणून बघा, पण गेटवेचा स्वतःचा टाइमआउट त्याहून कमी लावा. नाहीतर तुम्ही पुढच्याला विचारलेलं असेल आणि गेटवे मागच्याचंच उत्तर देईल. उत्तरातला ट्रान्झॅक्शन आयडी (कोणत्या प्रश्नाचं उत्तर ते सांगणारा क्रमांक) आणि युनिट क्रमांक तपासल्याशिवाय आकडा कोणत्याही चेंबरच्या नावावर लिहू नका. चेंबर ५ चं तापमान चेंबर ६ च्या चौकटीत दिसणं हे गोठलेल्या विंडोपेक्षा वाईट.

टीसीपीवाले कंट्रोलर मात्र खरोखर एकाच वेळी वाचता येतात. प्रत्येकाला एक टास्क, प्रत्येकाला एकच कनेक्शन, आणि ते उघडंच ठेवा. छोटे कंट्रोलर एका वेळी मोजकीच कनेक्शन स्वीकारतात, दर वेळी नवं उघडलं तर जुनी अडकून बसतात.

---

गोदाकाठची

असिंकआयओवर जाताय तर डीबग मोड चालू ठेवून एक दिवस चालवा: पायथनअसिंकआयओडीबग हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करायचा. १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लूप अडवणारं प्रत्येक फंक्शन लॉगमध्ये नावासकट येतं. एसक्यूलाइटमधलं लिहिणं बहुतेक तिथे दिसेल. ते टू_थ्रेड ने बाजूला पाठवा.

---

पिंपळगावकर

हे सगळं टिपून घेतलं. रचना अशी ठरवतोय: सर्व्हिसमध्ये असिंकआयओ, गेटवेला एक रांग, टीसीपीवाल्यांना स्वतंत्र टास्क, स्क्रीन पायसाइड६ मध्ये क्यूटीच्या सॉकेटवर. साइटवर न्यायच्या आधी वर्कशॉपमध्ये काय काय तपासून घेऊ?

---

रात्रपाळी

तीन गोष्टी. पहिली, कंट्रोलरची वीज बंद करून बघा आणि स्वतंत्रपणे स्विचमधून नेटवर्कची वायर उपटून बघा. दोन्ही प्रकारांत कनेक्शन तुटल्याची खबर सहसा लगेच येत नाही. सॉकेट उघडंच दिसतं, आणि टीसीपी कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का ते तपासायची सोय) चालू केलं तरी त्याची डिफॉल्ट वेळ २ तास असते. त्यामुळे 'शेवटचं उत्तर कधी आलं' ही वेळ प्रत्येक चेंबरसाठी तुम्हीच ठेवा, आणि ३० सेकंदांहून जुना आकडा स्क्रीनवर करड्या रंगात दाखवा.

दुसरी, हे वय मोजायला मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणारं) घड्याळ वापरा. पीसीचं घड्याळ इंटरनेटवरून दुरुस्त झालं की साधी वेळ मागेपुढे उडी मारते आणि खोटे अलार्म वाजतात.

तिसरी, सर्व्हिस टास्क मॅनेजरमधून मारा. स्क्रीनवर 'वाचन बंद आहे' असं मोठ्या अक्षरांत आलं पाहिजे, आणि सर्व्हिस परत उठल्यावर स्क्रीनने न सांगता जोडून घेतलं पाहिजे. हे झालं की भोंग्याची वायर पीसीच्या साउंडकार्डवर न ठेवता एखाद्या कंट्रोलरच्या रिलेवर न्या. पीसीच बंद पडला तर तो रिले वॉचडॉगने (पीसीकडून ठराविक वेळ खबर आली नाही की चालणारा टायमर) स्वतःहून वाजेल असा लावता येतो. पॅनलचं काम तुमचंच आहे, ते तुम्हाला सांगायला नको.