डायलिसिस कॅथेटर दिसलं की ३६५५८? आधी नोट वाचा!

निशाचर_हडपसर:
काल आपल्या मेडिकल कोडरांच्या ग्रुपवर कुणीतरी नवशिक्यांना सल्ला दिला: "डायलिसिस कॅथेटर दिसलं की ३६५५८, ७७००१, ७६९३७ ही तिकडी लावून मोकळे व्हा." हे अमेरिकेतले बिलाचे कोड: ३६५५८ कातडीखालच्या बोगद्यातून (टनेल) नेलेलं कॅथेटर नव्यानं घालण्याचा, ७७००१ फ्लुरोचा, म्हणजे चालत्या एक्सरेचा, ७६९३७ अल्ट्रासाऊंडचा. खाली भराभर अंगठे. सात वर्षं अमेरिकेचे आयआरचे (इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजी, म्हणजे इमेज बघत केलेल्या प्रोसिजर) चार्ट कोड करतोय, मला हे बघवलं नाही.

आधी टनेल आहे का ते वाचा. आयसीयूत रात्री घाईत गळ्यातून नाहीतर मांडीतून घातलेलं तात्पुरतं कॅथेटर, बोगदा नाही, कफ (कॅथेटर कातडीखाली धरून ठेवणारी पट्टी) नाही, आणि पेशंट पाच वर्षांचा किंवा मोठा, तर ३६५५६. टनेल असेल आणि पेशंट पाच वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल तरच ३६५५८. त्याहून लहान असेल तर ३६५५७. दोन जागी टोचून दोन वेगळी टनेल्ड कॅथेटरं घातली तर ३६५६५. जुनं टनेल्ड कॅथेटर काढून त्याच वाटेनं वायरवरून नवं घातलं तर ३६५८१, आणि जुनं काढल्याचे वेगळे पैसे नाहीत. जुनं उजवीकडचं काढून डावीकडे नव्यानं टोचलं, तर ३६५५८ आणि जोडीला जुनं काढल्याचा ३६५८९.

७६९३७ तर कहरच. "अल्ट्रासाऊंड वापरला" एवढ्यावर तो लागत नाही. शीर मोकळी असल्याचं तपासलं, सुई आत जाताना त्याच क्षणी पाहिली, हे डॉक्टरच्या नोटमध्ये हवं. शिवाय इमेज कायमची साठवलेली हवी.

टार्गेट_आधी:
सर, पुस्तकातलं सगळं बरोबर. पण ती पोस्ट माझी होती, म्हणून बोलतो. डॉक्टर रोज तीच पद्धत वापरतो, इमेज रोज सेव्ह होते. एखाद्या दिवशी लिहायला विसरला म्हणून त्याचे पैसे बुडवायचे? क्वेरी टाकली, म्हणजे डॉक्टरला लेखी विचारलं, की चार दिवस चार्ट पेंडिंग. तोवर माझं प्रॉडक्शन, रोजच्या चार्टचा आकडा, कोण भरून देणार? टीम लीडला क्वालिटी ९५ टक्क्यांच्या वर हवी आणि आकडाही पूर्ण हवा.

ऑडिट_ताई:
लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. गेल्या महिन्यात माझ्याकडे एक चार्ट आला. मथळा "नवीन टनेल्ड कॅथेटर प्लेसमेंट". कोडरने मथळा वाचून ३६५५८ लावला, जुनं काढलेलं दिसलं म्हणून ३६५८९ही लावला. चौथ्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलं होतं की जुन्या टनेल्ड कॅथेटरमधून वायर घातली आणि तिच्यावरूनच नवं सरकवलं. म्हणजे फक्त ३६५८१. खाली वाचायला अर्धं मिनिट लागलं असतं.

टार्गेट_आधी:
अर्धं मिनिट तुम्हाला. आम्हाला रात्री तीन वाजता डोळे उघडे ठेवायची मारामार. कॅबने घरी पोचेपर्यंत पोरं शाळेत गेलेली असतात.

सांगलीकर:
तुमचं चालू दे, पण मला राहवत नाही. माझे वडील डायलिसिसवर आहेत. आधी गळ्यात तात्पुरतं कॅथेटर घातलं, अठराव्या दिवशी थंडी वाजून ताप आला, ते काढून परमकॅथ, म्हणजे टनेल्ड कॅथेटर, घातलं. आंघोळीच्या वेळी आई छातीवर प्लास्टिकची पिशवी चिकटपट्टीने लावते आणि पाणी जाईल म्हणून हात धरून उभी राहते. बिलात दोन्ही वेळा एकच ओळ: "कॅथेटर प्रोसिजर". कॅथेटर केवढ्याचं, डॉक्टरांचे किती, सोनोग्राफीचे घेतले का? काउंटरवर म्हणाले, पॅकेज आहे. मी रोज परक्या माणसाच्या बिलातली ओळ न् ओळ तपासतो आणि माझ्या बापाचं बिल मला वाचता येत नाही.

कोल्हापुरी_कोडर:
मनापासून वाईट वाटलं दादा. पण इथे असे कोड आणले तर बिलं फुगवायला नवी वाट मिळेल. पॅकेजच बरं. राज्य सरकारच्या महात्मा फुले योजनेत डायलिसिस पॅकेजमध्येच आहे, आमच्या काकांना त्यानेच तारलं.

सांगलीकर:
योजनेबद्दल माझी तक्रार नाही. आम्ही रोख भरलं. रोख भरणाऱ्याला ओळी दाखवायला काय हरकत आहे? फुगवायचं असेल तर एका ओळीतही फुगवतातच की!

टार्गेट_आधी:
विषय अमेरिकेच्या कोडचा होता. घरची दुखणी इथे कशाला?

ऑडिट_ताई:
कशाला म्हणजे? तिथेही ते कुणाचे तरी वडीलच असतात. किडनी निकामी झालेल्यांना वयाची अट न घालता मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी विमा, मिळतं, १९७२च्या कायद्यापासून. पण त्यातला डॉक्टरांच्या बिलांचा भाग, पार्ट बी, डिडक्टिबलनंतर (पेशंटने आधी स्वतः भरायची ठरावीक रक्कम) ८० टक्केच देतो. वर दुसरा विमा नसेल तर उरलेले २० टक्के पेशंटच्या खिशातून. तुम्ही सवयीने लावलेल्या ७६९३७चेसुद्धा. पोरांची आठवण तुम्हाला येते ना? मग त्या माणसाचीही येऊ दे.

टार्गेट_आधी:
ठीक आहे. ७६९३७चं मान्य, पोस्टमधून काढतो. ३६५८१चंही घालतो. पण टार्गेटबद्दल मी बोललो ते खोटं नाही, त्यावर कुणीच उत्तर दिलेलं नाही.

निशाचर_हडपसर:
नाहीच खोटं. क्वेरीतला वेळ प्रॉडक्शनमध्ये धरा, हे मी दर मीटिंगला मांडतो. अजून कुणी ऐकलेलं नाही.
सांगलीकर, प्रोसिजर नोट मागितली का?

सांगलीकर:
मागितली. झेरॉक्स दिली. "उजवी आयजेव्ही. परमकॅथ घातलं. पेशंट स्थिर." एवढंच. आयजेव्ही म्हणजे गळ्यातली शीर.

निशाचर_हडपसर:
ह्यावर मी क्वेरीच टाकली असती. लेखी विचारा: नव्यानं टोचलं की जुन्याच वाटेनं घातलं? सोनोग्राफी वापरली का, तिची इमेज आहे का? टोक कुठे आहे, ते फ्लुरोवर पाहिलं की एक्सरेवर? आणि कॅथेटरच्या पाकिटाचं स्टिकर फाइलला लावलंय का? त्यावर कंपनी आणि लॉट नंबर असतो, किंमत तिथून धरता येईल.

सांगलीकर:
सोमवारी बाबांचं डायलिसिस आहे. ते मशीनवर असतील तेव्हा अर्ज देऊन येतो.