स्वित्झर्लंडमध्येही निवांत चालता येतं

स्वित्झर्लंड म्हणजे नुसते रोपवे आणि गर्दी, दोघांनी शांतपणे चालावं असं तिथे काही उरलं नाही, असं काही जण म्हणतात; मला ते पटलं नाही. एंगाडिन खोऱ्यातल्या झेर्नेत्स गावाला जा. तिथलं राष्ट्रीय उद्यान १९१४ सालचं, देशातलं एकमेव. पायवाट सोडायची नाही, फूल तोडायचं नाही, कुत्रा साखळीला बांधूनही न्यायचा नाही. उन्मळून पडलेलं झाडसुद्धा तिथेच कुजू देतात.

आम्ही दोघं सप्टेंबरअखेरीस उद्यानातल्या त्रुपचून खोऱ्यात गेलो होतो. तो लाल हरणांच्या माजाचा, म्हणजे मिलनाचा काळ. नरांचं हंबरणं समोरच्या उतारावरून घुमत येतं. तासभर आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. (दुर्बीण विसरू नका!) हिवाळ्यात मात्र उद्यान बंद असतं.