मदत हवी आहे : कोर्टातून निर्दोष सुटले, तरी शाळा रुजू करून घेत नाही

पळसपान
नमस्कार मंडळी. विषय आमच्या मोठेबाबांचा आहे. यवतमाळ जिल्ह्यात एका खाजगी अनुदानित शाळेत ते शिपाई होते. पोषण आहाराच्या खोलीची किल्ली त्यांच्याजवळ असायची. २०२२ मध्ये तांदळाचे कट्टे कमी भरले. मुख्याध्यापकांनी तक्रार दिली, भादंवि ४०८ चा (नोकराने केलेल्या अफरातफरीचा) गुन्हा लागला आणि लगेच निलंबन. मग संस्थेने चौकशी बसवली आणि कोर्टाचा निकाल यायच्या आधीच बडतर्फ केलं.

आता खटल्याचा निकाल लागला. पंच फितूर झाले, साठा रजिस्टरची मूळ प्रत पोलिसांनी कोर्टात आणलीच नाही. ‘संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता.’ नक्कल घेऊन शाळेत गेलो तर सचिव म्हणतात, संशयाचा फायदा म्हणजे निर्दोष नव्हे, तुमचं इथे काही उरलं नाही.

कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर रोज ‘कोर्टाचा मोठा निकाल’ येऊन राहिला. एकात म्हणे सुटका झाली की नोकरी परत द्यावीच लागते, दुसऱ्यात म्हणे दोन्हीचा संबंधच नाही. काय खरं धरावं? मोठेबाबा सध्या दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जातात. जाणकारांनी सांगावं.

वकीलभाऊ_वऱ्हाड
दोन्ही निकाल खरे असू शकतात, मथळे मात्र अर्धवट असतात. फौजदारी कोर्टात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. खात्याच्या चौकशीत आरोप खरा असण्याचा संभव जास्त वाटला तरी पुरतं, दिवाणी दाव्यासारखं. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने इंडियन ऑइलच्या २००५ च्या प्रकरणात सांगितलं की सुटका झाली म्हणून बडतर्फी आपोआप रद्द होत नाही. सचिव याच जोरावर बोलत आहेत.

दुसरी बाजू १९९९ चा भारत गोल्ड माइन्सचा निकाल. तिथे सुरक्षा अधिकाऱ्याच्या घरी छापा पडला, तोच छापा आणि तेच साक्षीदार दोन्हीकडे. चौकशी त्याच्या गैरहजेरीत उरकली आणि कोर्टाने मात्र छापाच सिद्ध झाला नाही म्हणून सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने त्याची बडतर्फी टिकू दिली नाही. आणखी एक गोष्ट त्या निकालात आहे, ती फार कमी लोक वाचतात. निलंबन काळात त्याला निर्वाह भत्ताच दिला नव्हता. तो केरळात, चौकशी कोलारच्या खाणीवर; जायला पैसे नाहीत. तेवढ्यानेही चौकशी दूषित झाली असं न्यायालयाने म्हटलं.

‘संशयाचा फायदा’ या शब्दांचं सचिवांनी फार भांडवल करू नये. डिसेंबर २०२३ मध्ये राजस्थानच्या एका शिपायाच्या (पोलिसातला, शाळेतला नव्हे) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निकालपत्रात शब्द कोणते वापरले यावर अडून राहू नका, पुरावा मुळात होता का ते पाहा. त्याला कामावर घेतलं आणि मागचा पगार निम्मा दिला.

तेव्हा सुटकेच्या निकालापेक्षा चौकशीचे कागद आधी काढा. साक्षीदार कोण होते? भत्ता मिळाला का? समितीत कोण बसलं होतं?

निवृत्त_मास्तर
समितीचा मुद्दा मी सांगतो, आमच्या पंचक्रोशीतल्या दोन-तीन संस्था यातच आपटल्या. खाजगी शाळांचा १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. त्यातल्या नियम ३६ प्रमाणे तीन सदस्य लागतात : एक व्यवस्थापनाचा, एक कर्मचाऱ्याने स्वतः नेमलेला (कोणत्याही खाजगी शाळेतला कर्मचारी चालतो) आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतला. खेड्यात काय होतं, अध्यक्षांचा भाऊ, सचिवांचे व्याही आणि तालमीतला एखादा माणूस बसवतात. झाली चौकशी!

पळसपान
सर, भत्ता सुरुवातीला मिळाला, मग बंद. मोठेबाबांना आपला माणूस नेमायचं पत्र आलंच नाही. साक्षीला मुख्याध्यापक, स्वयंपाकीण बाई आणि तेच दोन पंच. म्हणजे कोर्टातलेच सगळे.

वकीलभाऊ_वऱ्हाड
मग प्रकरणात दम आहे. पण दुखणं वेगळ्या जागी आहे. बडतर्फीविरुद्ध त्याच १९७७ च्या कायद्याच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात अपील करायला आदेश हातात पडल्यापासून ३० दिवस असतात. तुम्ही खटल्याच्या निकालाची वाट पाहत बसलात ना? बहुतेक जण तसंच करतात, आणि संस्थेचा वकील पहिला आक्षेप यावरच घेतो. सबळ कारण दाखवलं तर न्यायाधिकरण उशीर माफ करू शकतं. नुसतं ‘फौजदारी केस चालू होती’ एवढं लिहून भागेल असं धरू नका. भत्ता बंद, हाताला पैसा नाही, कोणते कागद कधी मागितले आणि ते मिळाले नाहीत, हे सगळं तारखांसकट प्रतिज्ञापत्रावर आणा. तुमचं काम अमरावतीच्या न्यायाधिकरणात येईल. तिथे हरलात तरच रिट घेऊन नागपूर खंडपीठात. सरळ हायकोर्टात धाव घेतली तर आधी अपील करा म्हणून परत पाठवतात.

मजुरीचं लपवू नका. मागच्या पगाराबद्दल २०१३ चा निकाल आपल्याच महाराष्ट्रातला, याच कायद्याखालचा आहे : क्रांती कनिष्ठ अध्यापक महाविद्यालयाचा. बेकायदा काढलं असेल तर मागचा पगार हा नियमच, पण त्या काळात दुसरीकडे तशा पगाराची नोकरी नव्हती हे कर्मचाऱ्याने आधी सांगावं लागतं. मग उलट सिद्ध करणं संस्थेकडे जातं. पोटासाठी केलेली रोजंदारी आणि नोकरी यात फरक आहे, तो वकिलाला नीट मांडू द्या.

कडुलिंब
निवृत्तीला किती वर्षं उरली तेही पाहा. खटला लांबला आणि मधेच वय झालं तर रुजू होणं राहिलं बाजूला, पण बडतर्फी रद्द झाली तरच पेन्शन-ग्रॅच्युइटीचा रस्ता मोकळा होतो. नोकरी नकोच म्हणून घरी बसू नये ते याच्यासाठी.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अपंग अशा आणखी काही जणांनाही ती अट नाही, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० वर फोन लावूनही विचारता येतं.

पळसपान
फार मदत झाली. चौकशी अहवालाची प्रत संस्थेने दिलीच नाही, ती कशी मागू?

वकीलभाऊ_वऱ्हाड
रजिस्टर पोस्टाने मागा, पोच जपा. शिक्षणाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचाही अर्ज टाका, अनुदानित शाळेचे बरेच कागद तिथे असतात. आणि मला आधी हे सांगा, बडतर्फीचं पत्र मोठेबाबांना हातात दिलं होतं की पोस्टाने आलं? पोस्टाने आलं असेल तर ते पाकीट घरात आहे का अजून?