‘प्रवाही’ आणि ‘स्फटिकीभूत’ : बुद्धिमत्तेच्या दोन विशेषणांविषयी

विचारणा :
शालेय मुलांच्या बुद्धिमापनावरील एका पुस्तिकेचा मराठी अनुवाद तपासताना ‘फ्लुइड’ आणि ‘क्रिस्टलाइज्ड इंटेलिजन्स’ या एकाच इंग्रजी जोडीसाठी तीन निरनिराळे पर्याय आढळले. एका प्रकरणात ‘तरल आणि घन बुद्धिमत्ता’ आहे, दुसऱ्यात ‘द्रव आणि स्फटिकी’, तर तिसऱ्यात ‘उपजत आणि अर्जित’. यांपैकी कोणता पर्याय ग्राह्य धरावा? आणि मुलांच्या संदर्भात ‘स्फटिकी’चा नेमका अर्थ काय घ्यावा?

प्रतिसाद :
तिसरी जोडी आधी बाजूला काढू, कारण ती भाषांतर नसून चुकीचा निष्कर्ष आहे. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी १९४३ च्या लेखात या दोन क्षमतांमध्ये भेद केला, तो त्या कशा चालतात यावरून. पहिली क्षमता कोणत्याही नव्या-जुन्या गोष्टींमधील संबंध हेरण्याची. दुसरी म्हणजे एखाद्या क्षेत्रात रुजलेली, आता संबंध नव्याने हेरावे न लागणारी सवय. पहिलीला ‘उपजत’ म्हटले की ती शिक्षणाने बदलतच नाही असे वाचक धरून चालतो. रिची आणि टकर-ड्रॉब या संशोधकांच्या २०१८ मधील एकत्रित विश्लेषणात शालेय शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे बुद्ध्यंकात साधारण १ ते ५ गुणांची वाढ दिसली. तेव्हा शाळेचा हात बुद्धीपर्यंत पोहोचत नाही, असे सुचवणारा शब्द टाळलेलाच बरा. (अनुवादात ‘बुद्ध्यांक’ छापले असल्यास तेही सुधारावे, बुद्धि आणि अंक यांचा संधी ‘बुद्ध्यंक’ असाच होतो.)

‘तरल’ची अडचण वेगळी आहे. हिंदीत हा शब्द द्रवासाठी सर्रास चालतो, पण मराठीत तरल भावना असते, तरल कविता असते, म्हणजेच नाजूक, हळुवार आणि सूक्ष्म असे काही असते. ‘तरल बुद्धिमत्तेचा मुलगा’ वाचून कोणी त्याला कवी समजले, तर दोष वाचकाचा नव्हे. ‘द्रव’ हे मुख्यतः नाम म्हणूनच वापरात आहे. आणि भौतिकशास्त्रातला द्रव-वायूंसाठीचा ‘द्रायू’ अचूक असला तरी बुद्धीपुढे लावल्यास विचित्रच वाटेल. मला ‘प्रवाही’ योग्य वाटतो. ही क्षमता ठरावीक विषयात अडकत नाही, कोणत्याही प्रश्नाकडे वळवता येते, हे मूळ रूपकातले मर्म त्यात येते.

खरी चर्चा ‘स्फटिकी’ची व्हायला हवी. मराठी वाचकाला स्फटिक म्हटले की प्रथम पारदर्शकता आठवते. ‘स्फटिकासारखे स्वच्छ पाणी’ आपण म्हणतोच. त्यामुळे ‘स्फटिकी बुद्धिमत्ता’ म्हणजे स्वच्छ, निर्मळ बुद्धी असा अर्थ लावला जाण्याचा धोका आहे. मूळ विशेषण ‘क्रिस्टलाइज्ड’ मात्र भूतकालवाचक आहे आणि घडून गेलेली क्रिया सांगते. मराठीत हे काम ‘-भूत’ करतो. आधी जे तसे नव्हते ते तसे झाले, हा भाव ‘घनीभूत’, ‘एकीभूत’ यांप्रमाणे ‘स्फटिकीभूत’मध्ये आपोआप येतो.

ती क्रिया मुलात कशी घडते हे एका उदाहरणात दिसते. आठ वर्षांच्या मुलीला सात आठे किती असे विचारले. तिला पाढा तिथपर्यंत येत नाही, पण सात साते एकोणपन्नास हे ठाऊक आहे. ती थांबते, ओठ हलवते, त्यात सात मिळवते आणि छप्पन्न सांगते. काही आठवड्यांनी तोच प्रश्न विचारला तर छप्पन्न हे उत्तर प्रश्न संपण्याआधी येते. उत्तर तेच, पण पहिल्या वेळी संबंध शोधावा लागला होता, दुसऱ्या वेळी शोधण्यासारखे काही उरले नव्हते. याउलट ३, ६, ११, १८, २७ ही मालिका प्रथमच पाहणाऱ्या मुलाला कोणताही पाढा थेट उत्तर देत नाही. फरक ३, ५, ७, ९ असे वाढत आहेत हे त्याचे त्यालाच दिसावे लागते, तेव्हा कुठे ३८ हाती येतात.

प्रतिप्रश्न :
अर्थ पटला, पण शब्द फार बोजड आहे. मराठीत ‘मुरलेला’ आहेच, तर ‘मुरलेली बुद्धी’ का म्हणू नये?

प्रतिसाद :
स्पष्टीकरणाच्या वाक्यात अवश्य म्हणावे. मला तो आवडलाही. संज्ञा म्हणून मात्र तो प्रौढांना अधिक शोभतो. मुरायला वर्षे जावी लागतात. मुरलेला वकील असतो, मुरलेली तिसरीतली विद्यार्थिनी नसते. कॅटेल यांचा १९६३ चा प्रसिद्ध अभ्यास तर सातवी-आठवीच्या २७७ विद्यार्थ्यांवरच झाला होता, म्हणजे ही संज्ञा मुलांनाही निःसंकोच लागू पडायला हवी.

‘स्फटिकीभूत’मध्येही एक खोट आहे, ती मान्य करतो. द्रावणातून स्फटिक जमू लागले की द्रावणात विरघळलेला पदार्थ तेवढाच कमी होतो. मुलांमध्ये असे होत नाही. शालेय वयात दोन्ही क्षमता बरोबरीने वाढत असतात. प्रवाही क्षमतेची उतरण लागते ती तारुण्यातला कळस गाठून झाल्यावर, आणि स्फटिकीभूत क्षमता त्यानंतरही बराच काळ वाढत राहते. कॅटेल यांनी दुसरेही एक रूपक जोडले, गुंतवणुकीचे : प्रवाही क्षमता शिकण्यात गुंतवली जाते आणि त्यातून ज्ञान व कौशल्ये उभी राहतात. अनुवादात ‘प्रवाही बुद्धिमत्तेचे स्फटिकीभूत बुद्धिमत्तेत रूपांतर होते’ असे वाक्य असेल, तर ते बदलून ‘प्रवाही बुद्धिमत्तेच्या आधारे स्फटिकीभूत बुद्धिमत्ता घडत जाते’ असे करावे.

‘घन’ मात्र कुठेही ठेवू नये. गणिताच्या पुस्तकात तो तिसरा घात असतो, आणि मुलांच्या चाचणीत गणित असतेच.