ताऱ्याचं टोक दीड मिलिमीटर चुकलं, तर उसवायचं की पुढे जायचं?

पाव_इंच
पेपर पीसिंगने, म्हणजे कागदावर छापलेल्या नकाशावर कापडाचे तुकडे शिवत, रजईसाठी बारा इंची ताऱ्याचा ब्लॉक (चौकोन) करतेय. आठ पाचरी, प्रत्येकीत सात तुकडे. छापील रेघेवरच टीप मारायची असल्यामुळे एकेक पाचर धारदार येते. रडकथा सुरू होते ती पाचरी एकमेकींना जोडताना. मध्य बसतो, पण कडेकडे जाता जाता जोड घसरतात आणि शेवटच्या टोकाला दीड मिलिमीटरचा फरक पडतो. सुताराच्या भाषेत अर्धं सूत (इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत).

मी जोडताना कागद काढत नाही. वरच्या कागदावरच्या टोकातून टाचणी सरळ खाली घालते आणि खालच्या कागदाच्या नेमक्या टोकातून बाहेर काढते. ती उभीच ठेवून दोन्ही अंगांना एकेक टाचणी टोचते, मग उभी काढून घेते. मग फक्त त्या इंचभरात ५ मिमीचा कच्चा टाका. उघडून बघायचं, जमलं असेल तरच दीड मिमीचा बारीक टाका.

एवढं करून चुकलं तर मी उसवते. मैत्रीण म्हणते, तीन फुटांवरून कोणाला दिसतंय? मला दिसतं! कागदाचा सगळा खटाटोप टोकासाठीच असतो. तेच बोथट ठेवायचं, तर साध्या चौकोनांची रजई काय वाईट होती?

चिंधी
साफ असहमत. दीडच्या टाक्याने बारा इंचांत दोनशे टाके पडतात. ते उसवताना कागद फाटतो, आणि त्याहून वाईट म्हणजे कड ताणली जाते. पेपर पीसिंगमध्ये आपण तुकडे हवे तसे तिरके लावतो, त्यामुळे पाचरीच्या निम्म्या कडा उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या, निघतात. एकदा ताणलेली उरेब कड पुन्हा जागेवर येत नाही. म्हणजे दुसऱ्या खेपेला दीडचे अडीच. एकदा उसवा, दुसऱ्यांदा नाही. हा माझा नियम, आणि तो मी रडून शिकलेय.

पाव_इंच
@चिंधी, म्हणूनच तर आधी कच्चा टाका. पाच मिमीचा टाका एक दोरा ओढला की निघतो, कागदालाही कळत नाही. आणि पाचरीच्या बाहेरच्या कडेला येणारा तुकडा तरी उभ्या धाग्यात लावायचा. थोडं कापड वाया जातं, जाऊ दे.

इस्त्रीवाली
टाचण्यांवर एवढा जीव कशाला? माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, एका पाचरीत डावीकडे, दुसरीत उजवीकडे इस्त्री करा. दोन जोड एकमेकांत अडकतात, बोटांना खाच लागते. टाचणीची गरजच नाही.

चिंधी
चार चौकोन जोडताना हे ठीक. पेपर पीसिंगमध्ये माया कुठे वळणार हे तुकड्यांचा क्रम ठरवतो: दुसरा तुकडा उलटला की माया त्याच्याखालीच जाते. अडकवायचं असेल तर एक आड एक पाचरीचे आकडे उलटे घालून नकाशा नव्याने काढा. करणार?

इस्त्रीवाली
बरं, ते मान्य. पण मधल्या आठ टोकांचं काय? तिथे कापडाचा गोळा होतो आणि सुई अडखळते. मी तिथे मायेतले दोन-तीन टाके सोडवून सगळ्या माया फिरकीसारख्या एकाच दिशेला वळवते. गोळा बसतो.

पाव_इंच
फिरकी छान दिसते, पण मी माया उघडूनच इस्त्री करते. शिवण थोडी कच्ची राहते म्हणतात. दीडच्या टाक्याला मला तरी तसं जाणवलं नाही.

वाकळ
तुम्हा सगळ्यांना माझ्या आजीसमोर बसवायला हवं. जुनी लुगडी, हाती लागेल ती चिंधी, वरून दाट धावदोरा. जोडाला जोड भिडलाय का, हे तिने आयुष्यात पाहिलं नाही. त्या वाकळीखाली चार पिढ्या झोपल्या. अलाबामातल्या जीज बेंडच्या बायकांच्या रजया बघा. कापड नेईल तिकडे रेघ गेलेली. त्याच रजया २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात टांगल्या गेल्या. दीड मिलिमीटर म्हणे!

पाव_इंच
आजींना नमस्कार. पण त्या वाकळीत टोक जुळवायचं ठरलेलंच नव्हतं, म्हणून ते चुकलं नाही. जीज बेंडची वाकडी रेघ ही त्या बाईची निवड आहे. माझ्या ताऱ्याचं कापलेलं टोक ही माझी चूक. दोन्हींना एका ताटात वाढू नका.

वाकळ
चूक कोणाच्या नजरेत, एवढंच विचारते.

फूटपट्टी
मंडळी, उसवू की नको यावर भांडताय, पण ते कशामुळे घसरतंय हे कोणी विचारलंच नाही. मध्य बसतो आणि कडेला वाढत जाऊन दीड मिमी होतं, हे टाचणीचं लक्षण नाही. टाचणी चुकली तर कुठेही चुकते. हे मापाचं लक्षण आहे. पाव_इंच, आठही पाचरी एकाच वेळी छापल्या होत्या का?

पाव_इंच
नाही. पाच घरी, तीन बाहेर दुकानात. पण कोपऱ्यातली एक इंचाची चौकट तपासली होती, बरोबर होती. मला वाटतं मशीनचे दाते खालचं कापड आधी ओढतात, म्हणून वरचं मागे राहतं.

फूटपट्टी
दाते नेहमी एकाच बाजूला ओढतात. पाचर उलटी धरून शिवा. फरकाची दिशा बदलली तर दाते दोषी. पण आधी माप बघा. एक टक्का लहान छापलं, तर एक इंचात पाव मिलिमीटर. पट्टीवर ते दिसतच नाही. मध्यापासून कडेपर्यंत सहा इंच, तिथे तेच दीड मिलिमीटर होतं. छापताना 'पानात बसवा' बंद करून १०० टक्के ठेवायचं आणि पूर्ण सहा इंच मोजायचे. आणि वाफेची इस्त्री करत असाल तर बंद करा, कागद सुरकुततो.

चिंधी
अरे देवा. म्हणजे मी तीन वर्षं टाचण्यांना शिव्या देत होते.

पाव_इंच
मोजल्या. घरच्या पाचही सहा इंच. दुकानातल्या तिन्ही पाच इंच साडेसात सूत, म्हणजे सहाला अर्धं सूत कमी... थांबा, परत मोजते, चष्मा लावून.

पाव_इंच
कमीच आहेत. तिन्ही. एकवीस तुकडे गेले. नव्याने छापतेय, आठही, घरीच.

वाकळ
त्या तीन पाचरी टाकू नका, मला पाठवा.