लातूरचे उस्ताद : ज्यांची गाडी त्यांच्या हाताखालून गेली, त्यांनी लिहा

मोटारसायकलींचे मिस्त्री, आपले उस्ताद गेले. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीतलं त्यांचं दुकान औसा, निलंगा, उदगीरकडच्या बुलेट-येझदीवाल्यांना सांगायला नको. एक लांबट खोली, आत लोखंड कातायचं लेथ यंत्र, रॉकेलचा ट्रे, खिळ्यांना अडकवलेल्या क्लचच्या केबली आणि गिऱ्हाइकाला बसायला बाकडं. जुन्या गाड्या स्वतः उघडून, जोडून ते विकायचेही. विकताना आधी दोष सांगायचे आणि मग किंमत. माझी पहिली बुलेट मी तशीच घेतली, दुसऱ्या गिअरला आवाज आहे हे माहीत असून.

नुसतं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहू नका. गाडीला काय झालं होतं, त्यांनी काय केलं, काय बोलले, ते लिहा.

औसा, शेतकरी

आमची राजदूत वडलांच्या वेळची. पेट्रोलात ऑइल मिसळून चालणारी, वजनाला सोसणारी. पण आमचं रान काळं. पाऊस झाला की मडगार्डात गाळ भरून चाक गच्च. काठीनं उकरायचं, जरा पुढं जायचं, पुन्हा उकरायचं. उस्तादांनी पट्ट्या लावून पुढचं मडगार्ड वर उचललं, मागच्याचं खालचं टोक कापलं. पैसे विचारले तर म्हणले, "रास होऊ द्या." राशीनंतर ज्वारीचं पोतं नेलं. घेतलं, पण बाजारभाव लावून वहीतली उधारी वळती केली आणि वरचे पैसे माझ्या हातात दिले. फुकट काही घ्यायचं नाही, हा त्यांचा हट्टच होता.

किल्लारीजवळचं गाव, निवृत्त शिक्षक

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली आणि आमच्या भागातली दगडमातीची घरं बसली. मी तेव्हा लातुरात शिकत होतो. गावाकडं जायला मित्राची फटफटी मिळाली. नंतरच्या दिवसांत पाऊस लागला होता, रस्त्यांवर जीप-ट्रकांची रीघ, गल्ल्यांत ढिगारे. मोटारसायकल तेवढी आत शिरायची. औषधं, पाण्याचे कॅन, निरोप, सगळं तिच्यावर. त्या चिखलात पहिल्या गिअरवर ओढून ओढून क्लच प्लेटा जळायच्या.

अशी जळालेली गाडी घेऊन रात्री उशिरा त्यांच्या दुकानी पोचलो तेव्हा शटर उघडं होतं. आधीच तीन-चार गाड्या उभ्या, सगळ्या भूकंपाच्या कामातल्या. उस्ताद कंदिलाच्या उजेडात काम करत होते आणि त्यांची दोन लेकरं पाने हातात देत होती. त्यांनी विचारलं, "घरचे?" मी सांगितलं. पुढं ते काही बोलले नाहीत. विकायला ठेवलेल्या एका गाडीचा क्लच काढला आणि आमच्या गाडीला बसवला. त्या आठवड्यातल्या कुठल्याच कामाची त्यांनी वहीत नोंद केली नाही, हे मला फार पुढं कळलं. माझं घर उभं राहिल्यावर मी पैसे द्यायला गेलो, तर वही उघडून दाखवली : "बघा गुरुजी, तुमचं नाव कुठंय?"

निलंगा तालुका, आरोग्य सेविका

लसीकरणाला मी लूनावर जायची. दर काही दिवसांनी वाटेत बंद. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "सिस्टर, ऑइल जास्त टाकता. प्लग काळा पडतो." ५० सीसीच्या त्या इंजिनाला मी भीतीपोटी अंदाजानं ऑइल ओतत होते. त्यांनी एक माप दिलं, प्लगपाना दिला आणि समोर बसवून प्लग काढायला, घासायला, परत लावायला शिकवलं. दुकानातली पोरं बघत होती, मी संकोचत होते. त्यांनी पोरांना चहा आणायला पिटाळलं. पुढं वाटेत गाडी बंद पडली तरी कुणाची वाट बघावी लागली नाही.

लातूर, आरएक्स १०० वाला

मी वेगळं लिहितो. उस्ताद तोंडानं कडक होते. आवाज वाढावा म्हणून सायलेन्सरची आतली नळी काढून मागितली, तर चारचौघांत झापलं आणि गाडी बाहेर लावायला सांगितली. तसं बोलायला नको होतं, असं मला आजही वाटतं. पण नंतर त्यांनीच हाक मारून समजावलं : टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरचा आतला आकार इंजिनाचाच भाग असतो, त्यातून परत येणारा दाब ताजं पेट्रोल बाहेर निसटू देत नाही. नळी काढली की आवाज वाढतो आणि ओढ जाते. एवढं नीट मला कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं.

उदगीर, येझदी

येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला आणि आम्ही येझदीवाले पोरके झालो. येझदीची किक आणि गिअर एकाच लिव्हरला. तिचे दाते झिजले की ठिकठिकाणी ती शाफ्टला वेल्ड करून द्यायचे. मग क्लच उघडायची वेळ आली की कापाकापी. उस्ताद लेथवर बसून जोड तयार करायचे. वेळ लागायचा, महिनाभर गाडी पडून राहायची, त्यावरून मी भांडलोही आहे. पण काढलेला जुना भाग वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्याशिवाय त्यांनी कधी नवा बसवला नाही.

दुकानातला कारागीर

मी त्यांच्याकडं चड्डीतला पोरगा म्हणून आलो. पहिल्यांदा शिकवलं ते पॉइंटचं, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते ठरवणाऱ्या भागाचं काम. पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरायचा, इंजिन हातानं हळू फिरवायचं. कागद सुटला की तिथं ठिणगी. ठिणगीची वेळ बघायचा टायमिंग लाइट पुढं आला, तरी ते कागदच धरायचे.

बोअरच्या, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कातायच्या बाबतीत फार जपायचे. जास्तीच्या मापाचे पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ मिलिमीटर असे चढत मिळतात. घाईचा मिस्त्री एकदम मोठं माप घालतो, म्हणजे आतले ओरखडे नक्की निघतात. उस्ताद आधी मोजायचे, आणि पाव मिलिमीटरात भागत असेल तर पावच. "पुढच्या खेपेचं लोखंड आज कामून खायचं?" म्हणायचे. आता कार्बोरेटर नसलेल्या, इंजेक्शनच्या नव्या गाड्या आल्या, पण हे माप घेणं मला तिथंही कामाला येतं.

दुकान चालू आहे. मालकीणबाईंनी लेथ विकली नाही. ज्यांच्या गाड्या उघड्या पडल्यात त्यांनी काळजी करू नये, वहीत सगळं लिहिलेलं आहे. उदगीरच्या काकांच्या येझदीचा पिस्टन आला आहे, बोअर या आठवड्यात करतो. येताना आरसी आणा, नोंदणीची मुदत संपत आली असेल तर तेही बघून घेऊ.